बुजलेल्या दातातली वाट

आधी डॉक्टर वर्षा मॅडमचं नाव लिहितो, मग काय झालं ते. मॅडम मूळच्या अमडापूरच्या, दातांचा दवाखाना बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. माझा वरचा पुढचा दात आज जागेवर आहे तो त्यांच्यामुळं. आणि दात जागेवर आहे म्हणून हातात क्लॅरनेट आहे.

मी दत्ता. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचा. सातवीनंतर शाळा सोडली आणि मामाच्या मागं मागं बँडमध्ये गेलो. लगीनसराईत जिकडं बोलावणं येईल तिकडं आम्ही वाजवणारे जातो. डोणगावच्या युसूफ चाचांच्या बँडला क्लॅरनेटवाला पाहिजे होता, तेव्हापासून दर सीझनला मी इकडंच असतो. गावाकडं बायको सुनीता, दोन पोरं आणि आई.

हे लिहितोय ते आमच्या धंद्यातल्या माणसांसाठी आणि माझ्यासारख्या भित्र्या माणसांसाठी. दात दुखला की आम्ही लवंग धरतो, गोळी खातो, आणि शेवटी उपटून मोकळे होतो. मीही तेच करायला निघालो होतो.

सूर कापायला लागला

क्लॅरनेट तोंडात कसं धरतात ते सगळ्यांना ठाऊक नसतं. खालचा ओठ खालच्या दातांवर आत दुमडून घ्यायचा, त्यावर पत्ती टेकते, म्हणजे वाद्याची वेताची पातळ जीभ. वरचे पुढचे दोन दात सरळ वाद्यावर टेकतात. सगळा भार त्या दोघांवर. फुंकलं की वाद्य थरथरतं आणि ती थरथर दातांतून कपाळापर्यंत जाते. सूर बरोबर लागला की नाही हे कानाच्या आधी मला दातातून कळतं.

त्या दोनातला एक दात बरीच वर्षं पिवळा पडत चालला होता. मी चहाला नाव ठेवायचो. खरं कारण वेगळं होतं. पोरसवदा असताना, आमच्याच भागातल्या एका वरातीत, नाचणाऱ्या माणसाचा खांदा खालून क्लॅरनेटला बसला आणि तोंडातलं टोक वर आदळलं. ओठ फाटला, दात हलला. थोड्या दिवसांत सगळं थांबलं आणि मी विसरलो. बँडवाल्याला असले मार बसतच असतात.

यंदा त्याच दाताच्या वर हिरडीवर एक पुळी आली. फुटायची, परत यायची. वाजवताना दाताच्या मुळात कुणी बोट रोवल्यासारखं वाटायचं. मी वाद्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, मग त्यावर दुसरा. दुखणं थोडं कमी झालं, पण रबरातून थरथर दातापर्यंत येईना. मला माझा सूरच कळेना.

हिवरा आश्रमाकडच्या एका लग्नात चाचांनी वरात थांबल्यावर मला बाजूला घेतलं.

"काऊन बे दत्ता, सूर काऊन कापून राह्यला तुया?"

"काही नाही चाचा, पत्ती जुनी झालीय."

"पत्ती सकाळीच बदलली तू, मी पाह्यलं. तोंड उघड."

मी तोंड उघडलं. चाचांनी मोबाईलचा टॉर्च लावला, पाहिलं, आणि नुसतं "या अल्ला" म्हणाले. 

काळा डाग

वर्षा मॅडमकडं चाचांनीच नेलं. मॅडमनी दातावर बारीक दांडीनं टकटक केलं तर डोळ्यांत पाणी आलं. मग त्याच दाताला गारेगार कापूस लावला तर काहीच कळलं नाही. शेजारच्या दाताला लावला तर मी खुर्चीतून उडालो.

"दत्ताभाऊ, हा दात आतून मेला हाये," त्या म्हणाल्या.

मग एक्स-रे. खुर्चीसमोरच्या पडद्यावर माझे दात उभे राहिले, धुरकट पांढरे. मुळाच्या टोकाशी एक काळा डाग होता, गोल, मसुराएवढा. मला दुसरं काही दिसेचना. आमच्या बँडमध्ये ढोल वाजवणारा एक जण गालाच्या कॅन्सरनं गेला. तोही आधी म्हणायचा, पुळी आहे.

"मॅडम, कॅन्सर तर नाही ना?"

"नाही हो. पू साचलाय तिथं."

"खरं सांगा. मला दोन पोरं आहेत."

"खोटं सांगून मले काय भेटते भाऊ? तुम्ही डागाकडे नका पाहू, इकडं पाहा." त्यांनी पेनानं शेजारच्या दाताच्या मधली काळी रेघ दाखवली. प्रत्येक दाताच्या पोटात अशी नळी असते, तिच्यातून शीर जाते. रूट कॅनल म्हणजे ती नळी आतून साफ करून बंद करायची. "आता तुमच्या दातात दाखवा मले ती रेघ."

मी पाहिलं. रेघच नव्हती. वरपासून खालपर्यंत नुसतं पांढरं.

"कधी मार लागला होता काय?"

मी वरातीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, मार लागलेला दात कधीकधी आतून स्वतःला बुजवत जातो. नळी अरुंद होत होत बंद होते. तुमच्या दातानं इतकी वर्षं तेच काम केलं.

मी ऐकतच राहिलो. मी जेवत होतो, झोपत होतो, वराती वाजवत होतो, आणि माझ्याच तोंडात एक दात गुपचूप आतून भिंत बांधत होता. आपल्या देहात काय काय चाललेलं असतं ते आपल्याला कुणी विचारत नाही की सांगत नाही.

"काढूनच टाका मग," मी म्हटलं. भीतीनं म्हटलं. काढला की सुटलो असं वाटलं.

मॅडमनी माझ्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं. वाद्याचं तोंडात धरायचं टोक मी कायम खिशात ठेवतो, फडक्यात गुंडाळून. त्यांनी ते मागितलं आणि म्हणाल्या, धरून दाखवा. मी धरलं. त्यांनी वाकून, खालून, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"हा दात काढला तर नकली बसवता येते. पण नकली दातानं तुम्हाले हे असंच वाजवता येईल, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आधी वाचवून पाहू."

मॅडम थांबल्या

ठरलेल्या दिवशी खुर्चीत पडलो. बधिर केलं. दाताच्या मागच्या बाजूनं कोरायला सुरुवात झाली. मॅडमनी डोळ्यांना भिंगाचा चष्मा लावला होता. कोरायच्या, पाण्यानं धुवायच्या, बारीक सुई घालून चाचपायच्या. एक्स-रे काढायच्या. परत कोरायच्या. हत्यार थांबलं की दवाखान्यात पंखा सोडला तर कसला आवाज नसायचा. मी त्यांच्या कपाळाकडं बघत होतो. तिथं घाम यायला लागला तसा मलाही यायला लागला.

आणि मग त्यांनी हत्यार खाली ठेवलं.

"भाऊ, मी इथं थांबते. मले वाट दिसून नाही राह्यली. अजून खोल गेले आणि जरा तिरपी गेले तर मुळाला बाजूनं भोक पडेल. मग दात कोणीच वाचवू शकणार नाही."

डॉक्टरच्या तोंडून असं ऐकायला फार भयंकर वाटतं. मला वाटलं, संपलं. बाहेर चाचा बसले होते, ते तर भडकलेच.

"मधातच सोडते काय? अशी कशी डॉक्टर हाये ही? आमी लगन मधात सोडून येतो काय?"

मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चाचा, अंधारात गाडी चालवाले मी तयार नाही. बुलढाण्याले माझे सर हायेत. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर आधी वाट आखून मग कोरायची सोय हाये. मी स्वतः सोबत येते."

त्या दिवशी मला त्याचं मोल कळलं नाही. हात चालू ठेवणं सोपं असतं हे मला वाजवणारा म्हणून ठाऊक आहे. चाल चुकली तरी आपण वाजवत राहतो, पुढं कुठंतरी जुळेल म्हणून. मॅडमच्या हातात माझा दात होता आणि त्या थांबल्या.

खुळखुळा

बुलढाण्याची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर फुंकायचं नाही, अशी ताकीद. चाचांनी मेहकरहून दुसरा क्लॅरनेटवाला उसना आणला आणि माझ्या हातात तालावर हलवायचा खुळखुळा दिला.

गणवेश तोच, टोपी तीच, जागा मात्र मागच्या रांगेत. क्लॅरनेटवाल्याला बँडमध्ये मास्तर म्हणतात, आणि पोरं टोमणे मारायला टपलेलीच असतात.

"मास्तर, खुळखुळ्याचा सूर बराबर लागून राह्यला ना?"

"पत्ती बदलून पाहा मास्तर!"

मी हसायचो. खोलीवर आलो की पेटी उघडून वाद्य पुसायचो आणि परत ठेवायचो.

सुनीताचा फोन आला. तिला सगळं खरं सांगितलं, तिथंच चुकलं बहुतेक.

"काढून टाका की त्यो दात," ती म्हणाली. "तुमच्या आईचं सगळं दात गेल्यात, जेवत्यात न्हवं?"

"वाजवायचं कसं मग?"

"नका वाजवू. घरला या. दादाच्या बेदाण्याच्या शेडवर माणूस पायजेच हाय. तिकडं परक्या मुलखात दुखणं अंगावर काढायचं आन आमी हितं फोनकडं बघत बसायचं? पोरगी रोज विचारती, बाबांचा दात कवा बरा हुणार."

"कॉम्प्युटरनं करणार आहेत म्हणे."

"कॉम्प्युटर तोंडात घालत्यात का काय?"

मलाही तेच वाटत होतं. मी जरा आवाज चढवला, तिनं फोन ठेवला. पुढचे दोन दिवस दोघांनीही लावला नाही. तिचं चुकीचं नव्हतं. शेडवर काम होतं, सावली होती, रात्री घर होतं. पण मला दुसरं काही येत नाही. सातवी शिकलेल्या माणसाला एक गोष्ट नीट यायला लागली की ती तो सहजासहजी सोडत नाही.

बुलढाण्याचं मशीन

चिखलीमार्गे आम्ही बुलढाण्याला पोचलो. मी, चाचा, आणि दवाखाना बंद ठेवून आलेल्या मॅडम. एसटीत मॅडम चाचांना खिडकी देऊन मधल्या सीटवर बसल्या. चाचांचा राग चिखली येईस्तोवर निम्मा उतरला होता.

मॅडमचे सर वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी आधी पेनासारखी एक कांडी माझ्या दातांवरून फिरवली. तिच्या टोकाला कॅमेरा होता. समोर पडदा. कांडी जिथून जाईल तिथले दात पडद्यावर उगवत जायचे, गुलाबी हिरडीसकट, जणू शेतात ओळीनं कोंब यावेत. फिरवून होईपर्यंत माझा अख्खा वरचा जबडा पडद्यावर तयार होता आणि सर तो बोटानं गरागरा फिरवत होते. चाचा उठून अगदी पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"दत्ता, हे तर तुयंच थोबाड!"

मग मोठं मशीन. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, समोरची प्लास्टिकची कांडी पुढच्या दातांत धरायची. मशीनचा हात डोक्याभोवती एक फेरी मारतो. सर म्हणाले, "बिलकूल हलायचं नाही. एवढंच काम आहे तुमचं."

फेरी झाली. सर काचेमागून बाहेर आले, त्यांचं तोंड उतरलेलं.

"हललात तुम्ही."

"नाही सर, देवाशप्पथ नाही."

"फोटो पूर्ण हललेला आहे. दाताच्या जागी दोन-दोन कडा दिसतायत. आणि तुम्ही खालचा ओठ आत घेतला होता?"

मला काहीच आठवेना. मॅडमनी काचेतून सगळं पाहिलं होतं. "सर, त्यांचा पाय चालू होता," त्या म्हणाल्या. "आणि गालही फुगले होते."

चाचांना हसू आवरेना. "साहेब, ह्याच्या दातात काहीबी द्या, ह्याचा ओठ आत जाते आन पाय ठेका धरते. ह्याचा काही गुन्हा नाही. आमचे सगळेच असे हायेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दातात कांडी आली आणि माझा देह वाजवायला उभा राहिला होता, मला न विचारता. सर हसले नाहीत. म्हणाले, किरणं परत परत द्यायची नसतात, अजून एकदाच करू. ह्या फोटोवरच सगळी वाट आखायची आहे. तो केसभर हलला तर वाटही तेवढीच चुकेल, आणि मुळाला भोक पडायची भीती जशीच्या तशी.

मी म्हटलं, सर, पाय बांधा माझे. खरंच म्हटलं.

मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "दत्ताभाऊ, असं कधी होते काय, की वाद्य तोंडाला लावलं हाये पण वाजवाचं नाही? नुसतं उभं राहाचं?"

मी विचार करत होतो, तेवढ्यात चाचा ओरडले, "मंगलाष्टकं!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांडवात मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा आम्ही बाहेर वाद्यं तोंडाला लावून तयार उभे असतो. शेवटचं सावधान झालं आणि टाळ्या पडल्या की त्याच क्षणी दणका उडाला पाहिजे. पण त्याच्या आधी चुकून कुणाची फुंकर गेली, पत्ती चिरकली, तर अपशकुन केला म्हणून सगळा मांडव वळून बघतो. त्यामुळं मंगलाष्टकांत आमचा बँड दगडासारखा उभा असतो. माशी बसली तरी कुणी हलत नाही.

"दत्ता," चाचा म्हणाले, "अंतरपाट धरला हाये. भटजी लांबण लावून राह्यले. खबरदार फुंकशील तर!"

ओठ आत घ्यायचा नाही हे मॅडमनी बोटानं माझा खालचा ओठ बाहेर काढून दाखवलं. मी कांडी धरली. डोळे मिटले. मशीनचा हात गुणगुणत डोक्याभोवती निघाला आणि मी मनात अंतरपाट बघत राहिलो. अक्षता हातात घेऊन उभी माणसं. पाय जमिनीत गेल्यासारखे झाले.

काचेमागून सर बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा हसले. "सुंदर," म्हणाले. एवढंच.

दात कापून पाहिला, न कापता

त्यांनी मला कॉम्प्युटरपाशी बसवलं. ते म्हणाले, तुमचा दात आहे, तुम्ही पाहा. सातवी शिकलेल्या माणसाला कुणी असं बसवून घेत नाही.

त्यांनी पडद्यावर माझ्या दाताच्या चकत्या केल्या, काकडीच्या कराव्यात तशा, एकेक सरकवत दाताच्या टोकाकडून मुळाकडं. पांढरी चकती, पांढरी चकती, पांढरी. मग मुळाच्या शेवटच्या भागात एका चकतीच्या मध्ये टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आला. पुढच्या चकतीतही. त्याच्या पुढच्याही.

"ही तुमची नळी. बुजलेली नाही इथं. इथपर्यंत पोचायचं."

मग त्यांनी पडद्यावर एक लांब बारीक सुई आणली आणि दाताच्या आत ठेवली. जरा कलती केली. मागून पाहिली, बाजूनं पाहिली, वरून पाहिली. शेवटी तिचं टोक त्या काळ्या ठिपक्यावर येऊन टेकलं. पांढऱ्या दातातून सरळ वाट, कुठंही न वळणारी. मॅडम मागं उभ्या होत्या. त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "सर, मी इकडं चालले होते," त्या हळूच म्हणाल्या आणि बोटानं दाखवलं. त्यांचं कोरलेलं थोडं डावीकडं झुकलं होतं. थोडंच. थांबल्या नसत्या तर काय झालं असतं ते मला पडद्यावर स्वच्छ दिसलं.

त्या वाटेवरून मशीन एक साचा छापतं. माझ्या दातांवर टोपीसारखा बसणारा, आणि त्या एका दाताच्या जागी धातूची बारीक कडी. त्या कडीतून हत्यार घातलं की ते दुसरीकडं जाऊच शकत नाही. मी विचारलं, "म्हणजे कॉम्प्युटर कोरणार नाही?"

"कोरणार मॅडमच. कॉम्प्युटर फक्त हाताला धरून नेणार."

घरी फोन लावला आणि सुनीताला एवढंच सांगितलं, की कॉम्प्युटर तोंडात घालत नाहीत. ती म्हणाली, "मग काय घालत्यात?" मी टोपीचं सांगितलं. ती म्हणाली, "नीट बसतीया का बघा आधी."

तो दिवस

पुढच्या खेपेला सरांनी साचा माझ्या दातांवर ठेवला. बसताना 'टच' असा आवाज झाला. साच्याला मुद्दाम छोट्या खिडक्या ठेवलेल्या असतात, त्यातून दात साच्याला चिकटला की नाही ते बघतात. सगळ्या खिडक्यांतून पाहून झालं. सर बाजूला सरकले आणि मॅडमना म्हणाले, "पेशंट तुमचा आहे. तुम्हीच करा."

भीती गेली होती असं लिहिलं तर खोटं होईल. मी खुर्चीचे दांडे इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली. हत्यार कडीत गेलं. आवाज सुरू झाला, हळू, खालच्या पट्टीतला. थोडं कोरायचं, बाहेर काढायचं, धुवायचं. थोडं कोरायचं. ती थरथर दातातून कपाळात आली आणि मला एकदम ओळखीची वाटली. तेवढा एक धीर.

साचा काढला. मॅडमनी केसासारखी बारीक सुई घेतली आणि दातात घातली. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होतो. सुई जात राहिली. जात राहिली.

"सर," त्या म्हणाल्या, "गेली."

एक्स-रे काढला. सुई मुळाच्या टोकापर्यंत पोचली होती. काळ्या डागाच्या अगदी उंबऱ्यावर. जी नळी माणसाच्या डोळ्याला दिसत नव्हती, जिच्यावर दातानं एवढी वर्षं भिंत घातली होती, तिच्यात मॅडमचा हात बरोबर जाऊन उभा होता. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतात तेव्हा बाहेर उभ्या माणसांचं जसं होतं, तसं त्या खोलीत सगळ्यांचं झालं. चाचा दारातून म्हणाले, "सुभानअल्ला." कुणी त्यांना गप्प केलं नाही.

पुढचं सगळं साधं होतं. साफ केलं, औषध भरलं, काही दिवसांनी परत उघडून कायमचं बंद केलं. दुखलं नाही. पुळी सुकली आणि परत आली नाही.

घाबरणाऱ्यांना एक सांगतो. डॉक्टर म्हणाला की मला दिसत नाही, मी थांबतो, तर घाबरू नका. आणि दातात कांडी धरायला दिली तर आपण कोण आहोत ते आधीच सांगून टाका, म्हणजे फोटो वाया जाणार नाही.

मॅडमच्या दवाखान्यात

बरेच दिवस गेल्यावर मॅडमनी निरोप दिला, वाद्य घेऊन या, माझ्यासमोर वाजवा. दाताला कसं लागते ते मले पाहाचं हाये.

दवाखान्यात दोन-तीन पेशंट बसलेले. मी सुनीताला फोन लावला आणि टेबलावर ठेवला. ट्यूबचे दोन्ही तुकडे वाद्यावरून सोलून काढले. ओठ दुमडला. दात टेकवला. पहिला सूर फाटला. फोनमधून आवाज आला, "आरं द्येवा." दुसरा सूर लागला. थरथर दातात शिरली, कपाळात गेली, आणि मला माझा सूर परत कळला. नवरदेव मांडवात येतो तेव्हाची चाल मी वाजवत राहिलो. आवाज त्या छोट्या खोलीत मावेना. एक पेशंट गाल धरूनच मान हलवत होता. मॅडम मात्र माझ्या दाताकडं बघत होत्या, वाकून, भिंगातून.

"दुखलं?"

"नाही."

"हलला?"

"नाही मॅडम."

फोनमधून सुनीता म्हणाली, "सूर बराबर हाय. सीझन संपला की या मग."

मॅडमची मुलगी तेवढ्यात आत आली. अजून बालवाडीत जाते. तिनं दोन्ही कानांत बोटं घातली होती. मी थांबल्यावर एक बोट काढून म्हणाली, "अजून."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "खरं सांगू भाऊ? मले बँडचा आवाज अजिबात सहन होत नाही. माझ्या लग्नात मी बँड लावूच दिला नव्हता."

मी म्हटलं, "मग हिच्या लग्नात मी वाजवणार. हळू वाजवेन."

"तिले लग्न करायचं की नाही ते तिचं ती ठरवेल."

"मग डॉक्टर होईल त्या दिवशी. किंवा दुसरं काहीही होईल त्या दिवशी."

त्या परत हसल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांना ती गंमत वाटली असेल. मी मात्र खरं बोललो होतो, म्हणून इथं लिहून ठेवतो. मॅडम, तुमच्या दारातून त्या पोरीची मिरवणूक निघेल तेव्हा मी जतमध्ये असेन, डोणगावात असेन, कुठंही असेन, येणार. पुढच्या रांगेत उभा राहणार. त्याला अजून पुष्कळ वर्षं आहेत. तोवर हा दात मी दुसऱ्या कशालाही लावणार नाही, ऊस नाही, हरभऱ्याचे फुटाणे नाहीत, सुपारी तर नाहीच.